एडिथला कोणी विचारलंच नाही

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. स्टार ट्रेक या जुन्या अमेरिकन अंतराळ-सिरीजच्या 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' या भागाबद्दल आहे. आणि ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांनी पाहून मग वाचा, कारण मी शेवटासकट सगळं सांगणार आहे, शेवट सांगितल्याशिवाय मला जे बोलायचंय ते बोलताच येणार नाही.

मागच्या शनिवारी भाचा राहायला आला होता. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, टाइम ट्रॅव्हलवाल्या सगळ्या सिरीज त्याच्या तोंडपाठ. म्हटलं आज मी दाखवते तुला, आणि हाच भाग लावला. ६ एप्रिल १९६७ ला अमेरिकेत पहिल्यांदा दाखवलेला, पहिल्या सीझनच्या शेवटाशेवटाकडचा. कूलर घरघरत होता म्हणून आवाज वाढवून वाढवून पाहिला. संपल्यावर पोरगा जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मावशी, पण त्या एडिथला कोणी काही विचारलंच नाही ना."

इतकी वर्षं हा भाग माझ्या डोक्यात आहे आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. तेव्हापासून तेच चाललंय मनात.

आम्ही तेव्हा नागपूरला, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. ऐंशीचं दशक, दूरदर्शन एकच, आणि रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं, इंग्रजीत. आमच्याकडे टीव्ही नव्हता, बाजूच्या काकांकडे होता, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाईट. लाइनीतली आम्ही दहा-बारा पोरं न्हाऊन ओल्या केसांनी तिथे सतरंजीवर जाऊन बसायचो, एक जण वर अँटेनापाशी, 'आलं का?', 'आलं आलं, अरे गेलं, जरा इकडे फिरव'. काका रेल्वेत गार्ड होते, त्यांना जेवढं इंग्रजी समजायचं तेवढं ते मध्येमध्ये सांगायचे, बाकीचं आम्ही चेहऱ्यांवरून लावून घ्यायचो. त्या दिवशी शेवटी ट्रक आला, ती बाई गेली, आणि काका म्हणाले, "धरून ठेवलं त्यानं डॉक्टरले. वाचवू नाही दिलं." कोणीतरी विचारलं, काहून? काकांनी उत्तर दिलं नाही. उठले आणि शटर ओढून घेतलं.

आता गोष्ट. अंतराळजहाजावर अपघात होतो, डॉक्टर मॅकॉयच्या अंगात चुकून एका जबर औषधाचा मोठा डोस जातो, तो भ्रमिष्टासारखा पळत सुटतो आणि खालच्या ग्रहावर उतरतो. तिथे पडक्या अवशेषांमध्ये दगडाची एक मोठी वेडीवाकडी कमान आहे, ती बोलते, आणि तिच्या आतून सगळा भूतकाळ वाहताना दिसतो. मॅकॉय तिच्यातून उडी मारतो आणि त्या क्षणी वर आकाशातलं जहाजच नाहीसं होतं, कारण मागे जाऊन त्याने काहीतरी असं केलंय की पुढचं काही घडलंच नाही. मग जहाजाचा कॅप्टन कर्क आणि त्याचा टोकदार कानांचा परग्रहावरचा अधिकारी स्पॉक त्याच्या मागे जातात. १९३० चं न्यूयॉर्क, मंदीचे दिवस. तिथे एडिथ कीलर नावाची बाई गरिबांसाठी सूप किचन चालवते, ती या दोघांना तासाला १५ सेंटवर कामाला ठेवते. कर्क तिच्या प्रेमात पडतो. स्पॉक रेडिओचे सुटे भाग जोडून एक यंत्र बनवतो आणि त्यात दोन बातम्या सापडतात, एकीत १९३६ मध्ये ती राष्ट्राध्यक्षांना भेटलीय, दुसरीत ती १९३० मध्येच अपघातात मेलीय. दोन्हीपैकी एकच खरी राहणार. ती जगली तर तिची शांततेची चळवळ इतकी वाढते की अमेरिका महायुद्धात उशिरा उतरते, तेवढ्यात जर्मनी अणुबॉम्ब बनवतो, हिटलर जिंकतो. म्हणजे तिला मरावंच लागेल.

आधी जे भारी आहे ते सांगते, कारण ते खरंच भारी आहे.

शेवटचा सीन. एडिथ रस्ता ओलांडतेय, ट्रक येतोय, कर्क धावायला निघतो, स्पॉक ओरडून त्याला थांबवतो, आणि मॅकॉय, ज्याला यातलं काहीच माहीत नाही, तिला वाचवायला झेपावतो आणि कर्क त्याला घट्ट मिठी मारून धरतो. ट्रक लागतो तेव्हा आपल्याला एडिथ दिसत नाही, कर्कचा चेहरा दिसतो, डोळे मिटलेले. विल्यम शॅटनरला लोक नावं ठेवतात की फार ओव्हरॲक्टिंग करतो, त्यांनी एवढे चार सेकंद पाहावेत. आजवर आपण जेवढे हीरो पाहिले ते सगळे काहीतरी करतात म्हणून हीरो आहेत, उडी मारतात, धावतात, मारतात. इथे त्याने काही करायचं नाहीये, आणि दुसरा कोणी करत असेल तर त्यालाही करू द्यायचं नाहीये, आणि त्याला हे आयुष्यभर लक्षात राहणार आहे. मॅकॉय त्याला विचारतो की तू आत्ता काय केलंस ते कळतंय का तुला, तर उत्तर कर्क देत नाही, स्पॉक देतो, की त्याला माहीत आहे. लेनर्ड निमॉयने ते इतक्या हळू म्हटलंय की मला अजूनही ऐकताना घशात काहीतरी अडकतं.

आणि मग ते परत येतात, कमान सांगते की सगळं पूर्वीसारखं झालं, अजून असे कितीतरी प्रवास करता येतील. कर्क फक्त एवढंच म्हणतो की चला इथून, तेही तोंडात शिवी घेऊन. बस. संपलं. ज्यांनी ही सिरीज पाहिलीय त्यांना माहीत आहे की कित्येक भाग शेवटी जहाजावर एखादा हलकाफुलका विनोद करून संपतात, सगळे हसतात, संगीत वाजतं. इथे रिकामी जमीन आणि वारा. माझ्या मते दिग्दर्शक जोसेफ पेव्हनीचा हा सगळ्यात मोठा निर्णय.

जोन कॉलिन्सची एडिथ पण मला फार आवडते. ती देवभोळी नाही, रडूबाई नाही. सूप दिल्यावर ती तिथल्या उपाशी, हरलेल्या माणसांना सांगते की एक दिवस माणूस अणूची ताकद वापरेल, ताऱ्यांकडे जाईल, तेव्हा भूक राहणार नाही, त्या दिवसांसाठी जगून राहा. १९३० मध्ये! सगळ्या गोष्टीत भविष्य जर कोणाला दिसत असेल तर ते तिला, आणि भविष्यातून आलेले दोघं तिच्याकडे झाडूपोछा करतायत. कर्क तिला सांगतो की पुढच्या काळातला एक लेखक 'मला मदत करू दे' या शब्दांना प्रेमाच्या कबुलीपेक्षाही वर ठेवेल. हे वाक्य ऐकलं की मला माझी आत्या आठवते, तिच्याबद्दल पुढे सांगते.

आता माझं भांडण.

भाच्याचा प्रश्न घ्या. कर्कला कळलंय की एडिथ मरणार. स्पॉकला कळलंय. दोघांनी मिळून ठरवलं. पण ज्या बाईला ताऱ्यांवर विश्वास आहे, जिने या दोघांकडे बघूनच ओळखलंय की ही माणसं इथली नाहीत, तिला एकदा बसवून खरं सांगावं असं कोणाच्या मनातही येत नाही. तिने काय म्हटलं असतं? कदाचित विश्वास ठेवला नसता. कदाचित ठेवला असता आणि स्वतःच ठरवलं असतं काय करायचं ते. आणि १९३० मधून ती फक्त नाहीशीच व्हायला हवी ना, मग तिला बरोबर घेऊन का नाही जात? जमलं नसतं असं म्हणू आपण, कमानीचे नियम वेगळे असतील, पण हा प्रश्न निदान तोंडातून निघायला तरी हवा होता. एवढी बडबड त्या भाड्याच्या खोलीत होते, व्हॅक्यूम ट्यूब आणि प्लॅटिनमबद्दल होते, आणि यावर एक वाक्य नाही. त्यामुळे जी बाई गोष्टीचं हृदय आहे तिच्याच जिवाचा निर्णय तिच्या पाठीमागे होतो आणि लेखकांना त्यात काही खटकत नाही.

दुसरं, आणि हे मला जास्त लागतं. गोष्ट म्हणते, एडिथचं बरोबर होतं, पण वेळ चुकीची होती. ऐकायला फार शहाणं वाटतं. पण मग एडिथला विचार बदलायचा हक्कच नाही का? १९३० मध्ये हिटलर सत्तेवर सुद्धा आला नव्हता, तो १९३३ मध्ये आला. आइन्स्टाईन स्वतः कट्टर शांततावादी होते, १९३३ मध्ये हिटलर आल्यावर त्यांनी आपलं मत बदललं, आणि १९३९ मध्ये रूझवेल्टना बॉम्बबद्दलच्या पत्रावर सही पण केली. जिवंत माणसं अशीच असतात, समोर काय घडतंय ते बघून पुन्हा विचार करतात. लांब कशाला, आमच्या घरापासून दीक्षाभूमी चालत जायच्या अंतरावर आहे. बाबासाहेबांनी हिटलरविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा दिला होता, १९४२ पासून ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि त्याच माणसाने १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखो लोकांना घेऊन बुद्धाचा रस्ता धरला. एका डोक्यात दोन्ही गोष्टी राहू शकतात. कुठे लढायचं आणि कुठे नाही हे ज्याला कळतं त्याला शांततेचा अर्थ जास्त कळतो. एडिथसारख्या हुशार बाईला मात्र ही गोष्ट १९३० मधल्या एका मतावर गोठवून टाकते, की ही आता अकरा वर्षांनी पण हेच म्हणणार. कशावरून?

आणि इतिहास म्हणून पण ते कच्चं आहे. अमेरिका उशिरा उतरली याला कारणं ढीगभर होती, तटस्थतेचे कायदे १९३५ पासूनच होत होते, आणि उतरली ती १९४१ च्या डिसेंबरमध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर. जर्मनीचा अणुप्रकल्प तर फार मागे होता, आणि त्याचं एक मोठं कारण त्यांनी स्वतःच तयार केलं होतं, आपलेच ज्यू शास्त्रज्ञ हाकलून. लीझ माइटनरसारख्या बाईला १९३८ मध्ये देश सोडून पळावं लागलं, आणि अणू फुटतो म्हणजे नेमकं काय होतं याचा अर्थ तिने बाहेर बसून लावला. गोष्टीत जर्मनीच्या व्ही-टू रॉकेटवर बॉम्ब ठेवून जग जिंकतात म्हणे. व्ही-टू साधारण १००० किलोचा स्फोटक भाग न्यायचं, हिरोशिमावर टाकलेला बॉम्ब ४००० किलोच्या वर होता. भाच्याने हे फोनवर बघून तिथेच सांगितलं. टीव्हीच्या गोष्टीत एवढं चालतं, मान्य. पण हिटलरच्या विजयाचं खापर सूप वाटणाऱ्या बाईच्या डोक्यावर फोडायचं असेल तर हिशेब तरी पक्का हवा.

इथे तारीख बघा. हा भाग आला ६ एप्रिल १९६७ ला. त्याच्या दोनच दिवस आधी, ४ एप्रिलला, मार्टिन ल्यूथर किंग न्यूयॉर्कच्याच रिव्हरसाइड चर्चमध्ये उभे राहून व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात बोलले होते, आणि त्यावरून त्यांना स्वतःच्या बाजूच्या लोकांनी पण झोडपलं. भाग त्याच्या कितीतरी आधी शूट झाला होता, त्यामुळे मी असं म्हणत नाही की मुद्दाम केलं. पण त्या आठवड्यात अमेरिकेत टीव्ही बघणाऱ्या माणसाला काय ऐकू आलं असेल? की न्यूयॉर्कमध्ये शांततेचं बोलणारं माणूस चांगलं आहे, खरं आहे, पण त्याच्यामुळे शत्रू जिंकेल. आणि हेच ते किंग, ज्यांनी जहाजावरच्या उहुरा या कृष्णवर्णीय अधिकारी बाईचं काम करणाऱ्या निशेल निकोल्सला सिरीज सोडू नको म्हणून समजावलं होतं, तिने स्वतः कितीदा सांगितलंय ते. त्या उहुराला या भागात काय दिलंय, तर जहाज गेल्यावर मला भीती वाटते म्हणायचं आणि शेवटी जहाज परत आलंय एवढं सांगायचं, बस. बाकी पूर्ण वेळ दगडापाशी उभी.

असंच अजून एक खुपतं. स्पॉकच्या कानांबद्दल पोलिसाला सांगताना कर्क म्हणतो हा चायनीज आहे, लहानपणी भाताच्या मशीनमध्ये डोकं अडकलं. लोक अजूनही यावर हसतात. मला नाही हसू येत. त्याच भागात सुरुवातीला सुलू आहे, जॉर्ज ताकेई, ज्याचं लहानपण या महायुद्धात अमेरिकेनेच जपानी वंशाच्या लोकांसाठी बांधलेल्या छावण्यांत गेलं, तारेच्या कुंपणाआड. युद्धाची गोष्ट सांगताय, आणि तो माणूस तुमच्याच सेटवर उभा आहे.

लेखकाबद्दल थोडं सांगायला पाहिजे. हार्लन एलिसनने ही गोष्ट लिहिली आणि मग ती बऱ्याच जणांनी बदलली, तो शेवटपर्यंत चिडलेला राहिला. त्याच्या मूळ स्क्रिप्टला लेखकांच्या गिल्डचा पुरस्कार मिळाला आणि पडद्यावर आलेल्या भागाला १९६८ चा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार, म्हणजे भांडणारे दोघंही जिंकले. मूळ स्क्रिप्टमध्ये डॉक्टरला अपघाताने सुई टोचत नाही, जहाजावर नशेचा माल विकणारा एक बदमाश असतो, तो पळतो. हे मला जास्त पटतं, कारण ती सुईची सुरुवात खरंच ओढून आणलेली आहे, एवढा मोठा डॉक्टर आणि हलणाऱ्या जहाजात भरलेलं इंजेक्शन हातात घेऊन उभा. पण शेवट? मूळ शेवटात कर्क ऐन वेळी कोलमडतो, त्याच्याच्याने होत नाही, आणि अडवायचं काम स्पॉक करतो. माणूस म्हणून ते खरं असेल, पण इथे मी बदलणाऱ्यांच्या बाजूची आहे. आमच्या काकांनी शटर ओढून घेतलं ते कर्कच्या हातांमुळे.

आपल्याकडे नारळीकरांची ती पानिपतची कथा आहे ना, बहुतेकांनी वाचली असेल, विश्वासरावांना लागलेली गोळी चाटून जाते आणि मराठे जिंकतात, आणि प्राध्यापक गायतोंडे त्या दुसऱ्या इतिहासात जाऊन पोचतात, तेही ट्रकच्या धडकेने. दोन्हीकडे ट्रक! पण फरक बघा. नारळीकर म्हणतात की दोन्ही इतिहास असू शकतात, एक इथे, एक तिकडे, कोणाला मारून दुसरा दुरुस्त करायची गरज नाही, आणि त्यामागचं गणित, क्वांटम, सगळं नीट समजावतात. डोक्याला ते जास्त पटतं. स्टार ट्रेकवाल्यांचा इतिहास म्हणजे एकच दोरा, एक गाठ सुटली की सगळं उसवलं. विज्ञान म्हणून नारळीकर कितीतरी पुढे. पण प्राध्यापकांना त्यात काही गमवावं लागत नाही, आणि कर्कला लागतं. म्हणून एक गोष्ट वाचून मी विचार करत बसले आणि दुसरी पाहून रडले. मला दोन्ही हव्यात.

आता ते, ज्यावर कोणी फारसं बोलत नाही. मॅकॉय १९३० मध्ये येऊन पडतो तेव्हा त्याला आधी एक भणंग माणूस भेटतो, दूध चोरणारा. मॅकॉय बेशुद्ध पडल्यावर तो त्याचे खिसे चाचपतो, त्याला ते किरणांचं पिस्तूल सापडतं, तो बटणं दाबत बसतो आणि एका झटक्यात नाहीसा होतो. गेला. कोणाला कळलं पण नाही. आणि इतिहासाला काहीच फरक पडला नाही! एका बाईच्या जगण्याने हिटलर जिंकतो, आणि या माणसाच्या मरण्याने जगातलं पान हलत नाही. त्याला ना बायको, ना पोरगं, ना पुढे काही करायचं होतं, असंच ना? हा त्याच सूप किचनमध्ये जेवणारा माणूस आहे. श्रेयनामावलीत त्याचं नाव काय लिहिलंय माहितीये? 'रोडंट'. उंदीर. एलिसनच्या मूळ स्क्रिप्टमध्ये पहिल्या महायुद्धात पाय गमावलेला एक सैनिक होता, तोही असाच मरतो, पण तिथे ही गोष्ट लेखकाच्या ध्यानात होती, त्या माणसाची काळाच्या हिशेबात किंमत शून्य निघाली हे कर्कला खुपतं. टीव्हीवर येताना ते खुपणं गळून पडलं. माझ्या मते पूर्ण भागातली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती सुधारायला दोन वाक्यं पुरली असती. एडिथलाच विचारायचं होतं, तिच्या लक्षात आलं असतं की रोज येणारा एक जण आज आला नाही.

आत्याबद्दल सांगते म्हटलं होतं. माझी आत्या आणि लाइनीतल्या दोन-तीन बायका मिळून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या गेटपाशी जेवण न्यायच्या, गावाकडून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी. वरण, भात, एक भाजी, सायकल रिक्षावर डेग बांधून. कोणी सांगितलं नव्हतं, कुठली संस्था नव्हती, पावती पुस्तक नव्हतं. ती भाषण देत नव्हती एडिथसारखं, "जेवला का रे बाप्पा?" एवढंच. पण एक वही ठेवायची. जेवायला येईल त्याचं नाव, गाव, वॉर्ड नंबर, कोण भरती आहे. मी विचारलं होतं कशाला लिहिते, तर म्हणाली उद्या नाही आला तर समजलं पाहिजे ना.

त्यातली एक वही माझ्याकडे आहे. शनिवारी रात्री भाच्याला काढून दाखवली, त्याने आत्याला पाहिलेलंच नाही. पानं पिवळी पडलीत, शाई पसरलीय, गोंदिया, वरोरा, उमरेड, पांढुर्णा, एकाखाली एक. मधल्या एका पानावर नावाच्या जागी तिने लिहिलंय, 'नाव नाही सांगितलं. निळा सदरा. दोनदा भात घेतला.' आणि त्याच्या खालच्या ओळीत, दुसऱ्या दिवशीच्या तारखेला, 'निळा सदरा आला नाही. वॉर्डात विचारणे.'